कॅनेडियन व्हिस्की: हलकी म्हणून सोडू नका, डोळे झाकूनही घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात स्कॉच आणि अधूनमधून भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) घेणारे एक गृहस्थ नोकरीनिमित्त कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागाला आले आहेत. इथल्या सरकारी दुकानात कॅनेडियन व्हिस्कीची भिंतच्या भिंत भरलेली दिसते. ऑफिसातले लोक म्हणतात, ती जिंजर एलमध्ये, म्हणजे आल्याच्या चवीच्या गोड सोड्यात, ओतायची, नुसती प्यायची नाही. कोणी सांगतं, तो रंग घातलेला अल्कोहोल आहे. सगळे तिला 'राय' म्हणतात, पण राय, म्हणजे ते गव्हासारखं धान्य, आत किती ते बाटलीवर सापडत नाही. तर ही नक्की काय चीज आहे, सुरुवात कुठून करावी, आणि दिवाळीला घरी जाताना वडिलांसाठी कोणती न्यावी?

मी टोरंटोच्या आसपास बारमध्ये काम करतो. नव्या मुलांना काउंटरमागे उभं करण्याआधी व्हिस्की चाखायला शिकवणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे हे प्रश्न आता पाठ झाले आहेत. उत्तर लांबणार आहे. घाई असेल त्यांनी एवढंच धरून ठेवावं: बाटलीवरचं वय आणि 'राय' हा शब्द या दोन्हींवर विसंबू नका. कुठल्या धान्याची, कुठल्या डिस्टिलरीची आणि किती टक्के अल्कोहोलची, हे बघा. पुढचं सगळं याच एका वाक्याचा खुलासा आहे.

आधी 'रंग घातलेला अल्कोहोल' हा आरोप. भारतातून आलेल्यांच्या तोंडी तो जास्त ऐकू येतो आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त आणि मधल्या किमतीच्या व्हिस्कीत मोठा भाग असतो ईएनएचा, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोलचा. तो मळीचा असेल नाहीतर धान्याचा, पण पिंपात मुरलेला नसतो. त्यात थोडं माल्ट किंवा आयात केलेलं स्कॉच मिसळतात. मळीवाली तर युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. त्यामुळे कॅनेडियन ब्लेंडरने, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळणाऱ्याने, 'आमच्यात बेस व्हिस्की (मिश्रणातला हलका, पायाचा भाग) असते' असं म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर ईएनएचा टँकर उभा राहतो.

कॅनडाचा कायदा मात्र इथे कडक आहे. व्हिस्की धान्याचीच हवी. आंबोण (आंबवायचं धान्य-पाणी) शिजवणं, गाळणं आणि मुरवणं तिन्ही कॅनडातच व्हायला हवं. ७०० लिटरपेक्षा मोठं नाही अशा लाकडी पिंपात किमान तीन वर्षं ठेवायला हवी आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवा. बेस व्हिस्कीलाही हेच लागू. म्हणजे ती कितीही हलकी लागली तरी तीन वर्षं पिंपात काढूनच आलेली असते. व्हिस्की मुरवायची सक्तीही कॅनडाने लवकर आणली, १८९० मध्ये, तेव्हा दोन वर्षांची. ब्रिटनमध्ये असा कायदा व्हायला १९१५ उजाडलं. स्कॉचवाल्यांशी वाद घालायचा असेल तर हे एक बरं हत्यार आहे.

कॅरॅमलचा रंग चालतो, हे खरं. तो स्कॉचमध्येही चालतो. त्यामुळे रंगावरून वय ओळखायचा प्रयत्न दोन्हीकडे फसतो.

आता ती बनते कशी, कारण निवड करताना हेच कामाला येतं. मोठ्या डिस्टिलरीत दोन प्रकारची व्हिस्की तयार होते. पहिली बेस. ती बहुतेक ठिकाणी मक्याची, पश्चिमेकडे काही ठिकाणी गव्हाची किंवा रायची. उंच कॉलम स्टिलमधून, म्हणजे खांबासारख्या गाळणयंत्रातून, ती ९४-९५ टक्के अल्कोहोलपर्यंत गाळतात. इतक्या वर नेली की धान्याचा जड तेलकटपणा निघून जातो. मग ती आधी वापरलेल्या पिंपांत जाते, म्हणजे लाकूड तिच्यावर हळूहळू चढतं. दुसरी फ्लेवरिंग व्हिस्की. नावावरून त्यात एसेन्स घालतात असं वाटतं, पण तसं काही नाही. तीही पूर्ण व्हिस्कीच, फक्त कमी टक्क्यांवर गाळलेली, बऱ्याचदा कॉलमनंतर पुन्हा तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीतून, काढलेली. धान्याचा सगळा ठसका तिच्यात शिल्लक असतो. ही बहुतेक रायची, पण गहू, जव आणि मक्याचीही करतात. काही आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात जाते, काही जुन्या पिंपात.

या दोन्ही मुरल्या की ब्लेंडर त्यांचं प्रमाण ठरवतो. अमेरिकेत बर्बनवाले (बर्बन ही तिथली मुख्यतः मक्याची व्हिस्की) मका, राय, जव एकाच हंड्यात शिजवतात, त्यामुळे प्रमाण पहिल्याच दिवशी ठरून जातं. कॅनडातली रीत गोड्या मसाल्याची: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, त्याच्या त्याच्या आचेवर, आणि शेवटी एकत्र करायचा. अपवाद आहेत. कॅनेडियन क्लबची नेहमीची बाटली घ्या, तिच्यातलं मिश्रण पिंपात भरण्याआधीच होतं आणि मग ते एकत्र मुरतं. तिची चव गोलसर, कंगोरे नसलेली लागते त्यामागे हे एक कारण आहे.

इथे स्कॉच पिणाऱ्याची एक सवय आड येते. स्कॉचमध्ये 'ब्लेंडेड' म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल एकत्र, आणि सिंगल माल्टच्या एक पायरी खाली, असं डोक्यात बसलेलं असतं. कॅनडात बहुतेक वेळा सगळा माल एकाच छपराखालचा असतो. ब्लेंड आहे म्हणून ती कमी, हा हिशोब इथे लागत नाही. बघायचं ते एवढंच, की बेस किती आणि फ्लेवरिंग किती. दुर्दैवाने ते लेबलवर बहुधा लिहीत नाहीत. पण अंदाज बांधता येतो. टक्केवारी ४० च्या वर, म्हणजे ४३, ४५ किंवा त्याहून जास्त असेल, '१०० टक्के राय' किंवा 'पॉट स्टिल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर आत दमदार माल असण्याची शक्यता बरीच. नुसतं 'स्मूद', 'डीलक्स', 'रिझर्व्ह' लिहिलं असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता 'राय'. कॅनडाच्या कायद्यात 'कॅनेडियन व्हिस्की', 'कॅनेडियन राय व्हिस्की' आणि 'राय व्हिस्की' ही तिन्ही नावं एकाच वस्तूची. त्यात राय किती हवं याची खालची मर्यादाच नाही. अमेरिकेत राय लिहायचं तर किमान ५१ टक्के राय लागतं. इथे बाटलीवर राय आणि आत जवळजवळ सगळा मका असू शकतो, आणि तरी कोणी कायदा मोडलेला नसतो. मूळ कारण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे गव्हाची व्हिस्की जास्त होत असे. त्यात थोडं राय टाकलं की चव उठून यायची, म्हणून गिऱ्हाईक रायवाली मागू लागलं. पुढे गव्हाची जागा मक्याने घेतली आणि नाव तसंच राहिलं. त्यामुळे बारमध्ये कोणी 'राय अँड जिंजर' मागितलं, की आम्ही कॅनेडियन क्लब किंवा वायझर्स ओततो. त्यात राय किती, असं कोणी विचारत नाही.

खरोखर राय प्यायची असेल तर दोन ठिकाणांची नावं लक्षात ठेवा: विंडसर आणि कॅलगरी.

विंडसर ओंटारियो प्रांतात, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या या काठावर. डेट्रॉइटचा किराणा व्यापारी हायरम वॉकर याने १८५८ मध्ये इथे डिस्टिलरी काढली आणि कामगारांसाठी भोवती वॉकरव्हिल नावाचं गावच वसवलं. कॅनेडियन क्लब त्याचीच. अमेरिकेच्या दारूबंदीत, म्हणजे १९२० ते १९३३, याच नदीतून बोटींनी आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून मोटारींनी माल पलीकडे जाई. ते किस्से इथे चवीने सांगतात. पण दारूबंदीनेच कॅनेडियन व्हिस्की मोठी केली, हे तितकंसं खरं नाही. अमेरिकेत ती त्याच्या कितीतरी आधीपासून खपत होती, आणि ऐन दारूबंदीत, १९२६ मध्ये, वॉकर घराण्याने धंदा विकून टाकला. आज विंडसरमध्ये वायझर्स, लॉट नंबर ४०, पाइक क्रीक आणि गुडरहॅम अँड वर्ट्स तयार होतात. कॅनेडियन क्लब आता दुसऱ्या कंपनीची आहे, पण तिच्यासाठीचं गाळपही इथेच होतं. यातली लॉट नंबर ४० म्हणजे शंभर टक्के राय, तांब्याच्या पॉटमधून काढलेली, ४३ टक्के अल्कोहोलची.

कॅलगरीची अल्बर्टा डिस्टिलर्स १९४६ ची. प्रेअरीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांच्या, कडाक्याच्या थंडीत राय तग धरतं, म्हणून तिथे ते मुबलक. पण ते शिजवणं त्रासाचं. रायचं आंबोण डिंकासारखं चिकट होतं आणि आंबताना फेस वर येतो. बऱ्याच डिस्टिलऱ्या त्यामुळे ते मोजूनमापून वापरतात. अल्बर्टावाल्यांनी त्यासाठी स्वतःची एन्झाइम तयार केली आणि शंभर टक्के राय हाच नेहमीचा माल केला. त्यांची साधी अल्बर्टा प्रीमियम पूर्ण रायची आहे, बेससुद्धा रायचा, आणि दुकानात ती खालच्या फळीवर तीसेक डॉलरला पडलेली असते. गंमत म्हणजे त्यांचीच राय अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या व्हिसलपिग या कंपनीने विकत घेतली, दहा वर्षांची म्हणून स्वतःच्या लेबलखाली बाटलीत भरली आणि अमेरिकन शौकिनांनी ती डोक्यावर घेतली. कॅनेडियन क्लबची '१०० टक्के राय'ही कॅलगरीचीच, विंडसरची नाही. लेबल एकीकडचं आणि माल दुसरीकडचा, हे इथे सर्रास चालतं. म्हणून ब्रँडइतकंच डिस्टिलरीचं नाव महत्त्वाचं.

नव्या मुलांना मी तीन ग्लास मांडून देतो. घरीही हे करता येईल. दुकानात ५० मिलिच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर उत्तमच, नाहीतर दोघातिघांनी मिळून घ्याव्यात. पहिल्या ग्लासात अल्बर्टा प्रीमियम, दुसऱ्यात लॉट ४०, तिसऱ्यात वायझर्स १८. प्रत्येकी पाऊण औंस, बर्फ नाही. पाच मिनिटं तसेच राहू द्या, कारण ओतल्या ओतल्या नाक घातलं तर नुसता अल्कोहोल चढतो.

अल्बर्टा प्रीमियमचा वास आधी साखरेच्या पाकासारखा गोड येतो, मागून पांढऱ्या मिरीची झिणझिण. घोट घेतला की जिभेवर पातळ वाटते, पण शेवटी मोसंबीच्या सालीचा कडवटपणा राहतो. हा कडवटपणा कॅनेडियन व्हिस्कीची खूण आहे, तो दोष समजू नका. नंतर लॉट ४०. एकाच धान्याच्या दोन व्हिस्की, पण इथे पॉटमधून काढलेली आणि कोऱ्या लाकडात मुरलेली. ग्लास नाकाशी नेला की करड्या रायच्या पावाचा वास, लवंग, आणि त्याच्यामागे चक्क शेपू. आमच्याकडच्या मराठी मुलांना हा शेपू लगेच सापडतो, इथल्या मुलांना सांगावा लागतो. दोन थेंब पाणी टाका, मग फुलांसारखं काहीतरी वर येतं. आता वायझर्स १८. ही बहुतांशी मक्याची. वय या तिघीत सगळ्यात जास्त, किंमत सगळ्यात जास्त, आणि मसाला सगळ्यात कमी. सफरचंद, ओलं लाकूड, पेन्सिल तासल्यावर येतो तसा वास, लोण्यासारखी मऊ. काही मुलांचा इथे अपेक्षाभंग होतो. पैसे जास्त दिले म्हणजे चवही जास्त मोठी असणार, असं त्यांना वाटत असतं.

वयाबद्दल मी सुरुवातीला सावध केलं ते यासाठी. मक्याचा बेस जुन्या पिंपात, थंड गोदामात पडून राहिला तर वीस, तीस, चाळीस वर्षंही टिकतो. कॅनेडियन क्लबने चाळीस वर्षांची आणि त्याहून जुनी व्हिस्की बाटलीत भरलेली आहे, आणि त्याच वयाच्या स्कॉचच्या मानाने तिची किंमत फारच कमी होती. अशी व्हिस्की नाजूक आणि सुंदर असू शकते. पण वर्षं वाढली म्हणून रायचा ठसका वाढत नाही, उलट विरत जातो. रायच्या आशेने वयाला पैसे मोजू नका. मऊ, लाकडाच्या सुगंधाची व्हिस्की आवडत असेल तर जरूर मोजा.

आता ज्यावरून कॅनेडियन व्हिस्कीला सगळ्यात जास्त नावं ठेवतात ती गोष्ट. नियमानुसार तिच्यात 'फ्लेवरिंग' म्हणून दुसरा मुरलेला स्पिरिट (गाळलेली दारू) किंवा वाइन थोड्या प्रमाणात मिसळता येते. धंद्यात याला ९.०९ चा नियम म्हणतात, म्हणजे अकरावा हिस्सा. मिसळलेला स्पिरिट किमान दोन वर्षं लाकडात मुरलेला हवा. शेरी (स्पेनची कडक वाइन), बर्बन, रम काहीही चालतं. यामागे चवीइतकाच कराचा हिशोब आहे: अमेरिकेत जाणाऱ्या मालात अमेरिकन वाइन किंवा स्पिरिट मिसळलं, की तिथल्या करात सूट मिळते. त्यामुळे हे जास्त करून तिकडच्या स्वस्त बाटल्यांत चालतं. पण दर वेळी ते लपवाछपवीसाठी असतं असंही नाही. अल्बर्टा राय डार्क बॅच ही बाटली उघड सांगते: ९१ टक्के राय, ८ टक्के बर्बन, १ टक्का शेरी. ४५ टक्के अल्कोहोल, काळपट, मनुकांची चव. कॅनडात तिची बहीण डार्क हॉर्स नावाने मिळायची. मला विचाराल तर कोलामध्ये घालायला याहून चांगली व्हिस्की क्वचितच सापडेल. शुद्धतेचे पुजारी नाक मुरडतात, मुरडू द्या. मात्र शुद्ध धान्याचीच चव हवी असेल तर '१०० टक्के राय' लिहिलेल्या बाटलीकडे वळा.

क्राउन रॉयल टाळून हा विषय संपवता येत नाही, कारण अमेरिकेत सगळ्यात जास्त ओळखली जाणारी कॅनेडियन तीच. १९३९ मध्ये राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सीग्रम या कॅनेडियन दारू कंपनीच्या सॅम ब्रॉन्फमनने ती त्यांच्यासाठी काढली. जांभळी मखमली थैली त्या थाटातली. आता ती डियाजिओ या ब्रिटिश दारू कंपनीची, आणि गाळप मुख्यतः मॅनिटोबात, विनिपेग सरोवराकाठच्या गिमलीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने ओंटारियोतला ॲमहर्स्टबर्गचा बॉटलिंग कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी कॅमेऱ्यासमोर बाटली जमिनीवर रिकामी केली. तेव्हापासून 'क्राउन आता कॅनडाची राहिली का?' असं विचारणारे बारमध्ये भेटतात. मुद्दा बाटली भरण्याचा होता. गाळणं आणि मुरवणं कॅनडातच आहे, नाहीतर कायद्याने तिला कॅनेडियन व्हिस्की म्हणताच आलं नसतं.

तिची साधी बाटली गोड, व्हॅनिलाची, कोणालाही न खुपणारी. पाहुण्यांसाठी ठीक. तुम्ही मात्र नॉर्दर्न हार्वेस्ट राय बघा: ९० टक्के राय, ४५ टक्के अल्कोहोल, आणि साध्या क्राउनपेक्षा किंमत फार जास्त नाही. २०१५ च्या अखेरीस एका ब्रिटिश समीक्षकाने तिला जगातली त्या वर्षाची सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं आणि ओंटारियोतल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. जगात सर्वोत्तम वगैरे मी म्हणणार नाही. पण त्या किमतीत रायची ओळख करून घ्यायला ती चोख आहे. सफरचंद, पीच अशा चवींच्या क्राउन मिळतात त्या वेगळ्या जातीच्या, अल्कोहोलही ४० च्या खाली. त्यांच्यावरून व्हिस्कीबद्दल मत बनवू नका.

स्कॉचचीच ओढ असेल तर कॅनडात सिंगल माल्टही होतात. नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनच्या ग्लेनोरा डिस्टिलरीने आपल्या माल्टला 'ग्लेन ब्रेटन' नाव दिलं, म्हणून स्कॉच व्हिस्कीवाल्यांची संघटना 'ग्लेन' शब्दावर कोर्टात गेली. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००९ मध्ये ग्लेनोरा जिंकली. मग त्यांनी त्या लढाईच्या नावाने एक खास बाटलीही काढली. व्हँकुव्हर बेटावर शेल्टर पॉइंट आणि यूकॉनमध्ये टू ब्रूअर्स यांचं काम चांगलं आहे. पण पैसे जास्त पडतात, आणि नुकतेच इथे आलेल्या माणसाने आधी राय चाखावी असं माझं मत. माल्ट तुम्हाला पुण्यातही मिळतोच.

पिण्याची रीत. राय अँड जिंजरला हसू नका. कॅनडा ड्राय हे जिंजर एलसुद्धा टोरंटोचंच, १९०४ चं, म्हणजे दोन्ही इथलेच. पण त्यात लॉट ४० ओतणं वाया घालवणं आहे. त्यासाठी अल्बर्टा प्रीमियम किंवा वायझर्स डीलक्स घ्या, ग्लासभर बर्फ, एक भाग व्हिस्की, दोन ते तीन भाग जिंजर एल आणि लिंबू पिळून. सोडा-पाण्याची सवय असेल तर त्यातही चालते, फक्त ४० टक्क्यांची हलकी व्हिस्की जास्त पाण्याने लगेच पांचट होते. निम्म्याला निम्मं पुरे. इथला एक माप ४३ मिलिचा असतो, तुमचा मोठा पेग ६० चा. घरी ओतताना हा फरक विसरायला होतो. चखण्याला खारे शेंगदाणे आणि भाजणीची चकली रायबरोबर फार छान जाते. तिखटजाळ काही नको, मिरी आणि लवंग व्हिस्कीतच आहे.

तर आता काय घ्यायचं? पहिली बाटली अल्बर्टा प्रीमियम, कारण चूक झाली तरी स्वस्तात होते आणि उरलेली जिंजर एलमध्ये जाते. ती आवडली, पण कमी वाटली, तर लॉट ४०, साधारण पन्नास डॉलरच्या घरातली. राय नकोच, गोडसर आणि भरीव काहीतरी हवं असं वाटलं तर गुडरहॅम अँड वर्ट्सची फोर ग्रेन घ्या: मका, राय, गहू, जव, आणि ४४.४ टक्के. वेगवेगळी धान्यं शेवटी एकत्र करायची ही कॅनेडियन रीत एका ग्लासात समजून घ्यायला मला तीच सगळ्यात बरी वाटते. ग्रिम्सबीच्या फोर्टी क्रीकची कॉन्फेडरेशन ओकही याच वाटेवरची, कॅनडातल्याच ओकच्या पिंपांत मुरवलेली. वायझर्स १८ सणासुदीला. आणि अल्बर्टा प्रीमियम कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या ताकदीनेच भरलेली, ६५ टक्क्यांच्या आसपासची, सवय झाल्यावर. ती नुसती पिऊन शौर्य दाखवू नका. पाणी घालून ४५-५० वर आणली की मगच तिची चव कळते.

वडिलांसाठी न्यायची ती त्यांच्या सवयीवरून ठरवा. ते रॉयल स्टॅग किंवा ब्लेंडर्स प्राइडवाले असतील तर त्यांना हे आधी सांगा: त्या बाटल्यांवर 'सीग्रम्स' लिहिलेलं असतं, तो सीग्रम ओंटारियोतल्या वॉटर्लू गावचा. १९२८ मध्ये ती कंपनी ब्रॉन्फमन यांनी घेतली. २००० नंतर दारूचा धंदा विकला गेला, तेव्हा क्राउन रॉयल डियाजिओकडे गेली आणि भारतातले ब्रँड पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे. त्यातली इम्पीरियल ब्लू विकत घ्यायचा करार २०२५ मध्ये कोणी केला, तर आपल्या श्रीरामपूरच्या टिळकनगर इंडस्ट्रीजने. अशा वडिलांना क्राउन रॉयल जांभळ्या थैलीसकट न्या. चव ओळखीची आणि मऊ लागेल, थैली आई ठेवून घेईल. ते सिंगल माल्ट पिणारे असतील तर लॉट ४० न्या. तिच्यासारखं काही तिथल्या दुकानात सहसा मिळायचं नाही. भारतात कॅनेडियन व्हिस्की मुळात कमी, दिसली तर बहुधा कॅनेडियन क्लब, आणि ती न्यायला तुम्ही इथून कशाला जाता?

सामानाचं गणित. भारतात उतरताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काविना नेता येते. इथे ७५० मिलिची बाटली मिळते तशी १.१४ लिटरचीही मिळते. दोन्ही मिळून १.८९ लिटर होतात, म्हणजे मर्यादेत बसतात. दोन मोठ्या घेतल्या तर जादा मालावर शुल्क बसतं आणि ते जबर असतं. विमानात ७० टक्क्यांवरची दारू चालत नाही. अल्बर्टाची कास्क स्ट्रेंग्थ त्याच्या खालीच राहते, तरी बाटलीवरचा आकडा वाचून घ्या, कारण दर वर्षीच्या मालात तो थोडा बदलतो. बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. विमानतळावरच्या दुकानातून घेतलीत आणि वाटेत दुसरं विमान असेल, तर सीलबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका, नाहीतर मधल्या सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, वय २५ पूर्ण हवं. वडिलांचा परवाना नसेल तर तोही याच निमित्ताने काढून घ्या.